लिंबाजी मास्तरचे सेंटिमीटर

लिंबाजी मास्तरनं पेडगावच्या शाळेत मुद्दाम बदली मागून घेतली. लोकांना वाटलं, गावची ओढ. खरं कारण किशनरावाचं दुकान होतं.

लिंबाजीची आई कासाबाई घोंगड्या विणायची. किशनराव घोंगड्या विकत घ्यायचा आणि कापड विकायचा. घ्यायचा गज, म्हणजे मापाची काठी, बाजारातल्या ओट्यावर, विकायचा गज दुकानात. दोन्ही कधी एका जागी येत नसत. कासाबाईनं ते आपल्या हातानं मोजले आणि भर बाजारात म्हणाली, "शेटजी, तुमचा घ्यायचा गज लांब हाय."

"म्हातारे, तुझा हात आखडलाय," किशनराव हसला. तिलाच चोर ठरवून त्यानं घोंगडी चिखलात फेकली. पुन्हा तिचा माल कुणी घेतला नाही. वर्षभरात ती गेली. लिंबाजी तेव्हा परभणीत शिकत होता. 'ती चोरटी मेली' असाच निरोप त्याच्या कानावर आला.

मास्तर होऊन तो परतला ते त्रेचाळीस साल. निजामाच्या राज्यात शुक्रवारी शाळेला सुट्टी. त्या दुपारी तो विणकर बायकांना मोजमाप शिकवू लागला. पण कोणतं माप? हात नको, त्यानंच आई हरली होती. गज न् इंचात हुज्जत घालायला किशनराव पटाईत. परभणीच्या शाळेतल्या पट्टीवर दुसऱ्या कडेला सेंटिमीटर होते. मीटर गजाएवढाच मोठा, बारीक चोरी त्यात दडून जाई. मिलिमीटर बायकांच्या डोळ्यांना दिसेना. सेंटिमीटर करंगळीच्या नखाएवढा, मोजता येण्याजोगा. त्यानं तोच निवडला आणि दर दहा सेंटिमीटरला गाठ मारून प्रत्येकीला दोरी दिली. गाठींच्या मधलं पट्टीवर मोजायचं.

"मास्तर, किती मोजायला लावताव? बोटं दुखायलीत," चतुराबाई वैतागली.

"मोजा. एक चूक झाली, तर तो तुमा सगळ्यांना चोर म्हणंल."

तीन महिन्यांनी बाजारच्या दिवशी त्यांच्यातल्या भागुबाईनं दुकानातला गज मोजला, चतुराबाईनं ओट्यावरचा. एक शहाऐंशी, दुसरा शहाण्णव. किशनराव ओरडला, "असलं माप मी मानत न्हाई!" तेवढ्यात लोकांनी दुकानातला गज आणून ओट्यावरच्या गजाला लावला. बोटभर नव्हे, चांगला पाच बोटांचा फरक निघाला.

लिंबाजी पुढं झाला. "कासाबाई खरी होती, म्हना."

"कोन कासाबाई?"

"जिची घोंगडी तुमी चिखलात फेकली."

"अशा लय फेकल्या."

लिंबाजीनं हात उचलला नाही. पेडगावात गिऱ्हाईक तुटलं, तसं किशनरावानं दुकान मानवतला हलवलं. लिंबाजी दर शुक्रवारी रेल्वेनं तिकडं जाऊन त्याच्या दारासमोर बायकांना मोजायला शिकवू लागला. चौदाव्या शुक्रवारी किशनराव हात जोडून बाहेर आला. "तुमची आई खरी होती. आता तरी जा."

"मला नका सांगू. पेडगावच्या ओट्यावर उभं ऱ्हाऊन सांगा."

किशनरावानं तेही केलं, मान खाली घालून, सगळ्या बाजारासमोर. लिंबाजीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

पुढच्या शुक्रवारी तो परत मानवतला गेला. दुकानाला कायमचं कुलूप लागेपर्यंत जात राहिला.