बाबांची जांभळी फुलं

आमच्या वहिनीला लोक धाडसी म्हणतात ते ती दिल्लीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी हाकते म्हणून. मी म्हणते ते तिच्या पहिल्या गणपतीमुळे.

लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या क्वार्टरमागे बाबांनी टबात एक पाणवनस्पती वाढवली होती. जांभळ्या तुऱ्यांवर त्यांचा इतका जीव, की पाहुण्यांना प्रसादाआधी टब दाखवायचे. गणपतीला ती मुळांसकट मखराभोवती लागायची. पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकलेल्या वहिनीनं तिला लगेच ओळखलं, पण टबात आहे तोवर काही बिघडत नाही म्हणून नवी सून गप्प राहिली.

विसर्जनाला मूर्ती यमुनेत जायची. निर्माल्य मात्र पायदळी येऊ नये म्हणून बाबा ते मखराच्या रोपांसकट काठाजवळच्या शांत तळ्यात सोडायचे. हिवाळ्यात तिथं बदकं उतरत. त्या वर्षी पाहतो तर निम्मं तळं हिरवंगार. बाबा खूश झाले. वहिनीनं नवी साडी खोचली, चिखलात उतरून एक रोप उपटलं, त्याचा फुगीर देठ दाबून पाहिला आणि निर्माल्याची परडी बाबांच्या हातून काढून घेतली.

"बाबा, ही जलपर्णी आहे. तळं पुरतं झाकेल, खालचं सगळं गुदमरेल. आणि ती आपल्याच घरून आलीय. कळवायला हवं."

घरी आल्यावर आई म्हणाली, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. बाबांची सरकारी नोकरी, त्यात गणेश मंडळाचं अध्यक्षपद. चार लोक काय म्हणतील? दादानं बायकोची बाजू घेतली नाही. मीही नाही. वहिनी शांतपणे म्हणाली, कुठून आली ते सांगितलं नाही तर पुढच्या वर्षी दुसरं कुणीतरी हेच करेल. बाबा न जेवता उठले. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. हिचं या घरात आता कसं होणार?

सकाळी ती ते रोप घेऊन निघाली तेव्हा बाबाही चपला घालून बाहेर आले. तिला अडवायलाच, असं वाटून मी मागोमाग गेले. नदीचं काम पाहणाऱ्या कचेरीत साहेबांनी रोप उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "ये जलकुंभी वहाँ आई कैसे?"

वहिनीनं बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात बाबा पुढे झाले.

"मैंने डाली है, साहब. मेरा नाम लिखिए. और पहचाना किसने, वो भी लिखिए. मेरी बहू ने."

कालपासून एकदाही न डगमगलेली वहिनी तिथं, साहेबांच्या टेबलासमोर, हमसून रडली.