निनावी चिठ्ठी आणि लाल शेरा

कोथरूडच्या एका मराठी शाळेत मी नववीला विज्ञान शिकवत असे. हडपसरकडे, हिंजवडीकडे कंपन्या उभ्या राहत होत्या, मुलांचे बाबा गळ्यात ओळखपत्र अडकवून हिंडत होते आणि शाळेच्या गल्लीत वाण्याशेजारीच बिअरचं दुकान थाटलं गेलं होतं. तेव्हा कुठे शाळेला जाग आली, की मुलांना दारूबद्दल सांगायला हवं. सांगणार कोण? बाई आहेतच की! मला एका दिवसाचं प्रशिक्षण आणि यकृताचा एक तक्ता मिळाला.

मी तावातावाने शिकवलं. यकृत कसं सुजतं, मेंदू कसा मंदावतो, मित्रांनी आग्रह केला तर काय म्हणायचं. मुलांनी सगळं घडाघडा पाठ केलं. शेवटच्या तासाला खोक्यात निनावी चिठ्ठ्या टाकायला सांगितल्या. "कोणी लिहिलंय ते मला कळणारसुद्धा नाही," असं छातीठोकपणे म्हणाले. धादांत खोटं होतं ते. वर्षभर ज्यांच्या वह्या तपासल्या, त्यांचं अक्षर बाईला ओळखू येणार नाही होय?

बऱ्याच चिठ्ठ्या टवाळ होत्या. 'बाई, तुम्ही कधी घेतली आहे का?' वगैरे. वर्ग हसत होता, मीही हसत होते. मग ही हातात आली. 'बाबा पिऊन गाडीवर मला न्यायला येतात. बसायचं का? नाही म्हटलं तर सगळ्यांसमोर ओरडतात.'

अक्षर तिसऱ्या बाकावरच्या मुलीचं होतं. अबोल, हुशार पोर. तिच्याकडे बघायचं मी टाळलं. प्रशिक्षणात याचं उत्तर नव्हतं. तिथे दारू घेऊन येणारा नेहमी वाईट मित्रच असायचा. मी चिठ्ठीची घडी करून पर्समध्ये टाकली आणि पुढची उचलली.

घरी गेल्यावर चैन पडेना. तिच्या आईशी बोलायलाच हवं होतं. आणि मी काय केलं? दुसऱ्या दिवशी हाताच्या सवयीने तिच्या दैनंदिनीत लाल शेरा मारला: 'पालकांनी समक्ष भेटावे.' लाल शेरा म्हणजे मुलीने काहीतरी दिवे लावले, हे घरोघरी ठाऊक. शिवाय शेऱ्याखाली सही करतात ते बहुतेक घरांत बाबाच. एवढं साधं मला सुचू नये! अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तिचे बाबा आले. इस्त्रीचा शर्ट, मऊ बोलणं, तोंडात वेलदोडा. त्या वेलदोड्याला न जुमानता दारूचा वास येत होता, भर दुपारी बारा वाजता. मुलगी माझ्या टेबलाशी मान खाली घालून उभी होती.

"नमस्कार बाई. काय केलं हिने?"

तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. घाबरली होती, पण आशेने बघत होती, हे मी आजही शपथेवर सांगेन. आता बाई बोलतील, असं वाटत होतं तिला.

शिक्षकखोलीत इतर दोघी बसलेल्या, माणूस दिसायला इतका सभ्य, आणि चिठ्ठीचं बोलले तर घरी हिचं काय होईल, अशी शंभर कारणं मनात आली. त्यातली निम्मी खरीही होती. पण मी घाबरले, हे त्यातलं सगळ्यात खरं.

"तसं काही विशेष नाही," मी म्हणाले. "अक्षर जरा बिघडलंय तिचं."

"एवढंच ना? बघतो मी." ते हसले. "चल गं."

मी खिडकीतून बघत राहिले. त्यांनी किक मारली, गाडी एका बाजूला कलली, सावरली. ती दप्तर पोटाशी धरून मागे बसली. धावत खाली गेले असते तर गाठता आलं असतं. गेले नाही. रविवारभर फोन वाजला की मी धावत जाऊन उचलायचे.

सोमवारी ती आली. धडधाकट! जीव भांड्यात पडला माझा. तिने माझ्यापुढे वही ठेवली. वीस पानं शुद्धलेखन. "बाबांनी लिहायला लावलंय. तुमची सही आणायला सांगितली आहे."

मी तिला व्हरांड्यात नेलं आणि इतक्या दिवसांनी उत्तर दिलं. "बसायचं नाही, बाळा. कितीही ओरडू देत. सरळ माझ्याकडे यायचं, मी तुला रिक्षाने घरी सोडीन."

तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पण बाई, शनिवारी तुम्ही होतात की तिथे."

तिने सहीसाठी पेन पुढे केलं.