मानक नगरचे पवनचक्कीवाले

दादा पवनचक्कीच्या खांबावरून पडला तेव्हा त्याची दोरी कुणाच्या हातात होती? सगळ्यांना विचारून झालं. कुणी चहा पुढे केला, कुणी आभाळाकडे बोट दाखवलं. मग मी दादानं सांगितलेले मंडळाचे किस्सेच आठवत बसतो. एक आठवला की मागून चार येतात.

*

नव्वदच्या सुमारास लखनौत वारा कमी आणि वीज त्याहून कमी! म्हणून मानक नगरातल्या मराठी साहेबलोकांनी पवनऊर्जा मंडळ काढलं. अध्यक्ष रेल्वेतले नेनेकाका. भिंतीवर रंगवलं, 'पवनचक्की लवकरच'. दुसऱ्या दिवशी दारात बायका, डोक्यावर गव्हाचे डबे!

"भैया, पिसाई क्या लोगे?"

"माताजी, ये हवा से चलेगी!"

"तो आटा उड़ न जाएगा?"

*

सरोजिनी नगरात सभा. हिंदी पाहुणे मंडळाच्या प्रयत्नांचं कौतुक करत म्हणाले, "आपकी इस चेष्टा के लिए धन्यवाद."

नेनेकाकू ताडकन उठल्या. "आम्ही इथे राबतोय, आणि हा मेला चेष्टा म्हणतो!"

*

छावणीतल्या हॉलमध्ये मॉडेल ठेवलं होतं. पाती गरगर फिरत होती, टाळ्या पडत होत्या. तेवढ्यात बत्ती गेली आणि पवनचक्कीही थांबली! दादानं पडदा सारला. मागे टेबलफॅन!

दादा पोट धरून हसला. काका हसले नाहीत. तेव्हापासून खांबावर चढायचं काम दादाकडेच. का?

*

दादाच्या तेराव्याला सगळे आले. नेनेकाका म्हणाले, "दोरी निसटली रे." त्यांचा मुलगा विनय म्हणाला, "गाँठ खुल गई थी." हा बँकेत नोकरीला, लखनौतच वाढलेला. मराठी ऐकतो, हिंदीत बोलतो.

एकाची निसटते, एकाची गाठ सुटते! मी जेवलोच नाही.

*

दादाच्या नावानं पुन्हा पवनचक्की उभारायचं ठरलं. म्हटलं, मी चढतो. दोरी कमरेला बांधली, वरच्या कप्पीतून खाली सोडली. पुरुषभर उंचीवर थांबलो, खांबाला मिठी मारली.

"काका, धरा!"

काकांनी दोरी दोन्ही हातांनी आवळली.

"आता विनयकडे द्या. विनय, धर!"

विनयनं दोरी अलगद जमिनीवर ठेवली. "धर दिया, भैया."

काका खाली बघू लागले. हिंदीत 'धर' म्हणजे ठेव, आणि दादाही वरून 'धर!' असंच ओरडला असणार.

मी उतरलो. दोरी उचलून विनयच्या हातात दिली, त्याच्या मुठी माझ्या हातांनी मिटल्या. मग वर चढलो आणि पाती बसवून दिली.