मामांनी न दाखवलेला कागद

बहिणीचा फोन आला तेव्हा मी तिरुपूरच्या कारखान्यात बनियनच्या गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होतो. "गौतममामा गेले," ती म्हणाली. मी बरं म्हणालो, उरलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या. सुट्टीसुद्धा मागितली नाही. महिना झाला, रडू काही आलेलं नाही... ताडकळसला पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान चालवणारे मामा नात्याचे नव्हते, गावाचेच मामा. आमच्या कबड्डी मंडळाचे सचिव.

मला फिट येते. बहिणीला विचारूनच हे लिहितोय. सातवीत असताना घरी पहिल्यांदा आली. वर्गात आली तर, या भीतीनं मी शाळाच सोडली. मामांनी परभणीला डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या, खेळायला हरकत नाही असा दाखलाही मिळाला. घरच्यांशिवाय हे फक्त मामांना ठाऊक. त्यात बहिणीचं लग्न जुळत होतं, म्हणून बाहेर बोलायचं नाही असं ठरलेलं.

जिल्ह्याच्या लीगशी मामांचं भांडण जुनं. संघ कसा निवडता, बैठकीत काय ठरतं, ते सगळ्या मंडळांना दाखवा, एवढंच त्यांचं म्हणणं. लीगचं उत्तर ठरलेलं, गोपनीय आहे. शेवटी एका बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "दाखवतो. मग तुमीबी खेळाडूंचे समदे कागद फळ्यावर लावा, डॉक्टरच्या दाखल्यासकट. पारदर्शकता तुमालाच लय पाहिजे होती ना, मामा?" सगळे हसले. दाराशी बसलेला मीही हसलो.

"कारभार उघडा करा म्हनलो होतो सायब," मामा म्हणाले, "पोरायची अंगं न्हाई."

"मग तुमचं मंडळ बाद."

"बाद तर बाद."

गावात पोरं भडकली. दुकानासमोर उभी राहून म्हणायची, "म्हाताऱ्याच्या हट्टापायी वरीस वाया गेलं." मामा तार गुंडाळत म्हणायचे, "बोला रे, तेवढाच माझा टाइमपास व्हायलाय." मीही त्या पोरांतच उभा असायचो. हे माझ्यामुळं झालं, असं एकदाही म्हणालो नाही. मामांनीही त्या वेळी कधी माझ्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कुणाला तरी कळलं असतं... पुढं इकडून फोन करायचो तेव्हा आभार मानायचं ठरवायचो, आणि पाऊसपाणी विचारून ठेवून द्यायचो.

मागच्या आठवड्यात कारखान्यात सगळ्यांचे फॉर्म भरून घेतले. ऑफिसातल्या बाईंनी मोडक्या हिंदीत विचारलं, काही आजार? आजवर नाही म्हणत आलो होतो. या वेळी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, कागद खणात टाकला आणि पुढच्याला हाक मारली. मी हललो नाही... खणाला कुलूप लागेपर्यंत तिथंच उभा राहिलो.