तळहातावरचं पिवळं टोकन

हे मी आजवर कुठेही लिहिलेलं नाही. ज्या तिघींना सांगणं भाग होतं त्या सोडून कुणाला धड सांगितलेलंही नाही... बायकोला अर्धंच माहीत आहे. आज पूर्ण लिहितोय.

या सदरातले अनुभव मी वाचायचो ते करमणूक म्हणून. माझी पहिली गाडी मी अमावास्येला घरी आणली होती, कारण शोरूममध्ये त्या दिवशी गर्दी नव्हती. आता वयाची पन्नाशी ओलांडली आहे. नेरुळला राहतो. घरी आई, बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी. घरचे सोडून ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांना विचारून लिहितोय, नावं मात्र बदलली आहेत.

तुर्भ्याला एमआयडीसीत एका ट्रस्टचं छोटंसं अभिलेखागार आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आणि तळोज्याच्या बंद पडलेल्या कंपन्यांची कागदपत्रं, फोटो, नकाशे तिथे जमा होतात आणि नंतर वेबसाइटवर जातात. मी तिथे सूची करतो. दोन वर्षांपूर्वी तळोज्याच्या एका रंगाच्या कंपनीचा माल आमच्याकडे आला. रंगाची म्हणजे कापड रंगवायचे रंग बनवणारी. कंपनीचं नाव लिहीत नाही.

त्या मालात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे टोकनांचे फोटो. पितळेची गोल चकती, वर भोक, मध्ये ठोकलेला नंबर. प्रत्येक कामगाराचं टोकन गेटवरच्या फळीवर खिळ्याला टांगलेलं असायचं. आत जाताना काढून घ्यायचं, सुटताना परत टांगायचं. कंपनी बंद झाल्यावर पितळ भंगारात गेलं, पण कुणीतरी शहाणपणा करून आधी एकेक टोकन करड्या कापडावर ठेवून फोटो काढले होते. मला फक्त ते फोटो उघडून नंबर, झीज, ओरखडे अशी नोंद करायची होती. दुसरी गोष्ट म्हणजे जुने चौकशी अहवाल. ते सगळ्यांसाठी खुले करण्याआधी त्यातल्या माणसांच्या नावांवर कॉपीत काळी पट्टी मारायची. नियम साधा होता — फक्त नावं झाकायची, मजकूर तसाच ठेवायचा.

माझे वडील त्याच कंपनीत होते. ऑफिसात हे मी कुणाला बोललो नव्हतो. बोलण्यासारखं काही आहे असंही वाटलं नव्हतं.

मग तो अहवाल आला. मी शाळेत असताना तिथे एक रिअॅक्टर फुटला होता. आमच्या घरात ती गोष्ट आई दरवर्षी सांगते, अगदी आनंदाने सांगते. त्या दिवशी माझं गॅदरिंग होतं. मी नाटकात झाड झालो होतो. बाबांनी यायलाच हवं म्हणून आदल्या रात्री जेवलो नव्हतो. ते कामाला न जाता मला बघायला आले आणि त्याच पाळीत स्फोट झाला. "माझ्या झाडाने माझं कुंकू राखलं," असं आई म्हणायची. बाबा असताना ही गोष्ट निघाली की ते उठून बाल्कनीत जायचे. लाजतात असं आम्हाला वाटायचं.

अहवालात एक परिच्छेद होता. आगीत एक अनोळखी इसम मृत सापडला, त्याच्याजवळ एक टोकन होतं. ते टोकन बाबांचं होतं. एका कामगाराने जबानी दिली होती की हा नावड्याचा धर्मा, कंत्राटावरचा, आज बदली म्हणून आत आला होता. बदली म्हणजे काय ते तळोज्यात सगळ्यांना ठाऊक होतं. रजा मिळत नसेल तर कायम कामगार आपल्या टोकनावर दुसऱ्याला आत पाठवायचा, हजेरी लागायची. सापडला तर नोकरी जायची. खाली बाबांची जबानी होती. टोकन आदल्या दिवशी हरवलं होतं, ते कुणी घेतलं माहीत नाही, धर्मा नावाच्या कुणाला ओळखत नाही.

ओळखत नाही.

आणि शेवटी निष्कर्ष... ओळख न पटलेला सदर इसम चोरीच्या उद्देशाने आत शिरला असावा; प्रेताची बेवारस म्हणून विल्हेवाट.

मी काळी पट्टी घेतली आणि नावांवर मारली. मग ओळीवर. मग पूर्ण परिच्छेदावर. बाबांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. घरी त्यांच्या फोटोला आई रोज हार घालते. मी मनाशी म्हटलं, आता कुणाचं काय बिघडतंय?

कुणाचं काय बिघडतंय ते पुढच्याच आठवड्यात दारात येऊन उभं राहिलं.

ट्रस्टने तळोज्याच्या आसपासच्या गावांत निरोप पाठवले होते, की जुने फोटो-आठवणी असतील तर घेऊन या. वनिताताई नावड्याहून आल्या. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असतील. नावडे कॉलनीत त्यांनी भाड्याने दिलेल्या खोल्या आहेत, बोलणं एकदम खणखणीत.

"सर, फोटो-बिटो काय नाय आपल्याकडे. मला फक्त एक सांगा. धर्मा नाव कुठं हाय का तुमच्या कागदांत? माझा बापूस. कंत्राटावर व्हता."

"काय झालं होतं त्यांना?"

"तेच तर माहीत नाय ना! सकाळी कामाला जातो बोलला तो गेलाच. तो स्फोट झाला म्हणून काका गेटवर गेला, तर कंत्राटदार बोलतो, आज त्याला बोलवलाच नव्हता. आदल्या दिवशी आईशी भांडण झालेलं. झालं! गाव बोलला, पळाला. कुनी बोलतो पनवेलला बाई ठेवली, कुनी बोलतो गुजरातला गेला." त्या हसल्या. "आई अजून कुंकू लावते. पुसू कसा? मेला हाय का जिता हाय, कोन सांगनार?"

मी कॉम्प्युटरकडे बघितलं. शोधल्यासारखं केलं.

"नाही हो ताई. नाव कुठेच नाही."

"जाऊ द्या. तुमी बघितलं तरी, तेवढं पन कुनी करत नाय," असं म्हणून त्यांनी पिशवीतून शेवग्याच्या शेंगांची जुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. मी ती घरी नेली. आईने आमटी केली. मी ताकाशी भात जेवलो.

आता ते घडलं ते सांगतो.

टोकनांचे फोटो उघडत उघडत मी दुपारी, चांगलं ऊन असताना, बाबांच्या नंबरापाशी पोचलो. फोटोत विशेष काही नव्हतं. इतर टोकनांसारखंच, कडेला जरा काळवंडलेलं. नोंद केली, पुढे गेलो. चहाला उठलो तेव्हा आमच्या प्रमुख, निलिमा मॅडम, म्हणाल्या, "काय हो, हळद लागली वाटतं? पुन्हा?"

उजव्या तळहाताच्या मधोमध पिवळाधमक गोल होता. साबण लावला. गेला नाही. घरी बायकोने लिंबू, बेसन, खोबरेल तेल, रॉकेल सगळं करून बघितलं. "पेंटरचं काम धरलंय का कुठे?" म्हणाली. दुसऱ्या दिवशी तो जास्तच स्वच्छ दिसायला लागला. कंपासने काढल्यासारखी कड, आणि वरच्या बाजूला हरभऱ्याएवढी जागा कोरी. म्हणजे भोक. मी लगेच मूठ मिटली.

वाशीला एका वयस्कर त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी हात उलटसुलट केला. "कुठल्या डाय फॅक्टरीत आहात?"

"डॉक्टर, मी कागदांच्या ऑफिसात आहे."

"शक्य नाही. हा रंग मी ओळखतो. पूर्वी तळोज्याहून पेशंट यायचे, त्यांचा घामसुद्धा या रंगाचा असायचा. बरीच वर्षं झाली, आता हे बघायला मिळत नाही." त्यांनी मलम दिलं. मलमाने काही झालं नाही. गंमत म्हणजे तो रंग कशालाच लागत नव्हता... उशीला नाही, शर्टाला नाही, कागदाला नाही. दुखतही नव्हता. फक्त होता. मी हाताला पट्टी बांधून हिंडायला लागलो.

तसे दोन-अडीच आठवडे गेले असतील. मला भीती वाटत होती का? खरं सांगतो, भुताची नाही. आई विचारेल याची वाटत होती.

शेवटी मीच वनिताताईंना फोन केला. या म्हटलं. आल्या, समोर बसल्या. काय बोलायचं याची मी तयारी केली होती, पण त्याआधी माझ्या हातून एक काम झालं. मी पट्टी सोडली आणि हात टेबलावर उताणा ठेवला.

त्या बघतच राहिल्या. आवाज एकदम खाली आला.

"तुमी कंपनीत व्हता?"

"नाही."

"माझा बापूस घरी आला का असाच हात असायचा. मी लहान... माझ्या फ्रॉकवर पाठीला हात ठेवायचा आनि आई वरडायची, झाला, अजून एक फ्रॉक गेला! सगळे फ्रॉक पिवळे व्हते माझे."

मग मी सगळं सांगितलं. टोकन, बदली, बाबांची जबानी, चोर हा शब्द, मी मारलेली काळी पट्टी. मूळ कागद शाबूत होता, पट्टी कॉपीवरच असते. तो मी त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी वाचला. सावकाश, बोट लावून.

"तुमचा बापूस त्या दिवशी कुठं व्हता?"

"माझ्या शाळेत. गॅदरिंगला. मी... झाड झालो होतो."

"झाड?"

"हो."

"डायलॉग व्हता का तरी?"

"नाही. नुसतं उभं राहायचं होतं."

त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून धारा लागल्या, ओढणीने पुसताहेत आणि हसताहेत. "अगं आई गं... माझ्या बापसानं झाड बघायला पाठवला व्हय तुमच्या बापाला!" मी मान खाली घालून बसलो होतो. त्या मला शिव्या देतील, ट्रस्टकडे तक्रार करतील, हे सगळं मी धरून चाललो होतो. ओढणी सारखी करत त्या म्हणाल्या, "चला. आईला तुमीच सांगा. माझ्यानं नाय व्हनार."

निलिमा मॅडमना जाता जाता खरं काय ते सांगितलं. त्यांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं, ते मी ऐकायलाच हवं होतं. परिच्छेद आता उघडा आहे.

नावड्याला त्यांचं घर दोन मजल्यांचं, खाली ओटा. ओट्यावर म्हातारी बसली होती. कपाळावर मोठं कुंकू. वनिताताईंनी मला पुढे केलं. मी सांगितलं. माझं शहरी मराठी त्यांना किती कळलं देव जाणे, पण मधे एकदाही त्यांनी थांबवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं —

"मंग पलाला नाय ना?"

"नाही."

"चोर पन नाय."

"नाही आजी. कामाला गेले होते."

"मना ठावं व्हता," त्या म्हणाल्या. "डबा घेऊन गेलता. पलनारा डबा नेतो का?"

मग त्यांनी माझा हात मागितला. मांडीवर घेतला, जवळून बघितला. आत हाक मारून तेलाची वाटी मागवली. साधं खोबरेल, घरी बायकोने लावलं होतं तेच. पदराचं टोक त्यात बुडवून त्या माझा तळहात चोळायला लागल्या, कडेकडेने आत, सवयीने, जणू रोजचंच काम. आणि रंग सुटायला लागला. पदर पिवळा होत गेला, हात साफ होत गेला. वनिताताई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"तुजा बापूस हाय का?"

"नाही. गेले."

"किती वर्सं जगला?"

"पंच्याहत्तर."

"नातवंडं बघली?"

"नात बघितली. तिला शाळेत तेच सोडायचे."

"मंग आमचा मानूस वाया नाय गेला," म्हातारी म्हणाली आणि माझी बोटं मिटवून हात मला परत दिला.

मी रडलो. पन्नाशीतला माणूस परक्या ओट्यावर बसून रडला, आणि त्या बाईने मला चहा-बटर दिलं.

धर्मा यांचे दिवस त्यांनी मग रीतसर केले, गाव जेवलं. मी पंगतीत वाढायला होतो. कुंकवाचं काय झालं ते मी विचारलं नाही, तो माझा प्रश्न नाही. तो पदर त्यांनी धुतलेला नाही एवढं वनिताताईंनी सांगितलं. त्या मला आता भाऊ म्हणतात, आणि फोनवर अधूनमधून "काय झाड, बरं हाय ना?" असं विचारतात.

फोटोवरून हाताला रंग कसा लागला? न लागणारा रंग पदराला कसा लागला? मला माहीत नाही. डॉक्टरांना हात दाखवला, ते म्हणाले, त्वचेचे थर बदलतात, गेला असेल. असेल. मी वाद घातला नाही. ज्याने कुणी तो डाग दिला त्याचे मी आभार मानतो. मला घाबरवायचं असतं तर घाबरवता आलं असतं. त्याने फक्त हात रंगवला, बाकीचं माझ्यावर सोडलं. बाबांचा राग येतो का? येतो. पण त्यांची बाल्कनी आठवते, आणि ते तिथे लाजून जात नव्हते हे आता कळतं. मला आणखी चाळीस वर्षं वडील मिळाले. ते धर्मांनी दिले.

निघताना म्हातारी म्हणाली होती, "तुजे आयेला घेऊन ये. तिला पन बोलाचा असंल."

मी हो म्हणून आलो. आई अजूनही झाडाची गोष्ट आनंदाने सांगते. तिला खरं सांगून नावड्याच्या त्या ओट्यावर घेऊन जायचं आहे. ते अजून माझ्याकडून झालेलं नाही.