चिकूनं आज पेपरवर शू केली!

मंडळी, दुपारपासून कधी एकदा तुम्हाला सांगते असं झालंय!

चिकू म्हणजे आमचं गेवराईहून आणलेलं अडीच महिन्यांचं पॉमेरेनियन पिल्लू. लसी पूर्ण झालेल्या नाहीत, म्हणून बाहेर नेता येत नाही. बाल्कनीत पेपर अंथरून त्याला तिथंच शू-शी करायला शिकवत होते. पण तीन आठवडे पेपर सोडून सगळीकडे! काल तर थेट मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या गादीवर. मामा कडाडले, "आता लई झालं. रविवारी ह्याला गेवराईला परत देऊन यायचं." मला रडूच आलं.

आज जेवणानंतर मी भांडी आवरत होते. तेवढ्यात मामांची दबकी हाक आली, "मीना, पळत ये! आवाज नको करू!"

बघते तर चिकू पेपर हुंगत गोल गोल फिरत होता. आम्ही दोघं श्वास रोखून उभे. आणि तो तिथंच बसला!

मी टाळ्याच वाजवल्या. मामांनी त्याला छातीशी धरलं आणि लगेच धारूरला आत्याबाईंना, म्हणजे त्यांच्या बहिणीला, फोन लावला, "आमचं लेकरू लई हुशार हाय बरं का!"

गेवराईचं नाव आता कुणी काढत नाही.

तुमच्याकडेही सगळ्यात जास्त विरोध करणारं माणूसच आधी विरघळलं का हो?