शेडमधला पंप

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. आधी बायकोला कळू नये म्हणून, ती गेल्यावर मुलांना कळू नये म्हणून. आता लिहूनच टाकतो.

नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरामागची टिनाची शेड मी एका तिशीतल्या बाईला भाड्याने दिली होती. काटोलकडची, शिकलेली, एकटी. सीताबर्डीतल्या रसवाल्यांकडून ती संत्र्याची सालं आणि चोथा पिंपांत भरून आणायची, उकळून गाळायची आणि त्या पाण्यात यीस्ट वाढवायची. ते वाळवलं की फिकट पिवळी पूड व्हायची. त्यात डाळीसारखं प्रोटीन असतं, भाकरीच्या पिठात मिसळता येतं, असं ती सांगे.

"महालक्ष्म्यांची आंबील आंबते ना काका, तसेच जीव हे."

मला पटत नव्हतं. कचऱ्यातून जेवण कोण काढतं? मग खिडकीला कागद कशाला? आणि ती पंपाची अखंड घरघर?

शेजारी कुंपणावरून म्हणाला, "दारू गाळून राहिली ते. काहून विचारत नाही तुम्ही? का तुमचाबी हिस्सा आहे?"

तो टोमणा मला लागला. मी येता-जाता शेडच्या फटीशी हुंगायचो. वास ताज्या पावासारखा यायचा. दारूचा नाही, तरी संशय हलेना.

ती गावी गेली तेव्हा मी दुसऱ्या किल्लीने शेड उघडली. एक स्टीलची टाकी, तिच्यात हवा सोडणारा पंप, बस. आवाजाआड काही लपवलं असेल म्हणून मी पंप बंद केला. तेवढ्यात फाटक वाजलं आणि मी घाईने कुलूप लावून निघालो. बटण चालू करायचं राहिलं. राहिलं म्हणतो, पण संध्याकाळी आठवलं होतं. गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी शेडमधून खरंच दारूचा वास आला. शेजाऱ्यांना बोलावून मीच तो हुंगवला. ती परतली तेव्हा सगळे दारातच होते.

टाकीवर वाकून ती म्हणाली, "काका, पंप कोणी बंद केला? हवा तुटली की हेच जीव दारू करतात. उद्या बेकरीवाला माल बघायला येणार होता."

"पाहा, कबूल केलं तिनं!" शेजारी ओरडला.

ती माझ्याकडेच बघत होती.

"लाइन गेली असन," मी म्हणालो. "शेड खाली कर."

तिने अख्खी टाकी नालीत ओतली.

गेल्या हिवाळ्यात ती सीताबर्डीत दिसली, रसाच्या गाड्यामागून पिंपं टेम्पोत चढवताना. तिनेच हाक मारली. "बरे आहात ना, काका?"

मी हो म्हटलं. पुढे बोलायचं होतं ते सोडून म्हणालो, "आमच्याकडे लाइन अजून जातेच."

"त्या दिवशी नव्हती गेली, काका," ती शांतपणे म्हणाली आणि टेम्पोत चढली.

टेम्पो चौकात वळेपर्यंत मी तिथेच उभा होतो. पोरी, बटण मी बंद केलं होतं. माझं चुकलं. मला माफ कर. इतकंच म्हणायचं होतं.